दोन मुठींचा शब्द

"बाई, मूठ मागायची तर मागा, पन भंडारा उचलाया लावू नगा," दुर्गाबाई मला म्हणाल्या होत्या. तेव्हा मी बेबीची छाती ओव्याच्या पुरचुंडीनं शेकत होते आणि माझा अर्धा कान तिच्या श्वासाकडे होता. "कागदावर लिवून घ्या, न्हाईतर तोंडी घ्या. खंडोबाच्या भंडाऱ्याचा शब्द चुकला, तर त्यो लेकरावर येतो."

"काही येत नाही हो," मी म्हटलं. "शब्द चुकूच नये, म्हणून तर भंडारा."

दुर्गाबाई आमच्या घरमालकीण. दापोडीत रेल्वेफाटकाजवळच्या गल्लीत त्यांचं घर आहे, त्यातल्या पुढच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. त्या वाद घालत नाहीत. गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "तुमी शिकल्यासवरल्या. तुमास्नी काय सांगायचं." हे मला त्या वेळी कौतुकच वाटलं होतं.

मी मुळात संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. बेबी झाल्यापासून तर फारच. दूधवाल्या सोपानरावांचं दूध मी रोज नखावर थेंब घेऊन बघते. ते म्हणतात, "वहिनी, मी म्हस घेतली तवा म्हशीला पन एवढं न्हाई बगितलं." आमचे हे वर्कशॉपात ड्राफ्ट्समन आहेत. त्यांचं म्हणणं, मला बी.ए.ला बसवण्याऐवजी फौजदारकीला बसवायला हवं होतं. हसायला ठीक आहे. पण ज्या बाईच्या मांडीवर तान्हं मूल आहे, तिनं डोळे मिटून कसं चालेल?

मोहीम सुरू झाली ती एका मरणामुळे. गेल्या श्रावणात आमच्या समोरच्या रुक्मिणीबाईंची सून अडली. पुण्याला न्यायला टांगा आणला. फाटकाच्या अलीकडे आमचं गाव आणि पलीकडे पुण्याचा रस्ता. फाटक बंद होतं, मालगाडी रुळावर उभी होती. टांगा पाऊण तास तसाच उभा राहिला. मी खिडकीतून बघत होते. टांगेवाला खाली उतरून घोड्याच्या तोंडावरून हात फिरवायला लागला, तेव्हाच मी ओळखलं की आतलं सगळं आटोपलं. बाई गेली, मूलही गेलं.

त्यानंतर मी स्वस्थ बसले नाही. ह्यांच्या ओळखीनं पुण्यातल्या एका डॉक्टरीणबाईंना जाऊन भेटले. नोकरीतून निवृत्त झालेल्या, बोलायला तुटक. म्हणाल्या, "प्रसूतिगृह काढा. मी आठवड्यातून दोन दिवस येईन, दोन खाटा आणि सामानही देईन. पण नुसता उत्साह मी पुष्कळ पाहिला आहे. दीडशे घरं वर्षभर पाळतील असा शब्द आणा. मग बोलू."

दीडशे घरांकडे द्यायला रोकड कुठली? म्हणून मुष्टिफंड ठरला. रोज सैपाकाला लागण्याआधी घरच्या बाईनं मूठभर धान्य वेगळ्या डब्यात टाकायचं. शनिवारी गल्लीगल्लीतून ते गोळा करायचं आणि वजीरभाईंच्या दुकानात विकायचं. त्यातून जागेचं भाडं निघेल आणि नर्सचा पगारही. लाकडाच्या वखारीचे यशवंतराव अध्यक्ष झाले, म्हणजे त्यांनी हार घालून घेतला. बाकीचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्या महिन्यात मी छापील कागद घेऊन फिरले. सही येत असेल तर सही, नाहीतर अंगठा. शाईची डबी बघितली की बायका हात पदराखाली घेत. शालनबाई, आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात, त्या तर उघडच म्हणाल्या, "माज्या सासऱ्यानं एकदाच अंगठा दिला. तवापास्नं आमी शेत दुरूनच बगतो." महिनाभर फिरून एकतीस घरं झाली. मला रात्री झोप लागेना. फाटक बंद झाल्याची घंटा वाजली की मी उठून खिडकीशी जायची.

आणि मग चंपाषष्ठी आली.

नदीकाठच्या खंडोबाच्या देवळात त्या दिवशी सगळ्या बायका येतात. पुजारी दत्तोबा हळदीच्या पुडीचं ताट घेऊन उभे असतात. तोच भंडारा. तो कपाळाला लावतात, आणि चिमूटभर उचलून एखादी गोष्ट बोलली, तर ती मोडत नाहीत. गल्लीतलं एक जमिनीचं भांडण भंडारा उचलून मिटलेलं मी स्वतः पाहिलं होतं. माझा काही त्यावर विश्वास नव्हता. नसल्यामुळेच तो वापरायचं मला सुचलं, असं आता वाटतं.

मी पायरीवर उभी राहिले. रुक्मिणीबाईंच्या सुनेचं नाव घेतलं. बायका डोळ्यांना पदर लावायला लागल्या, हे मी बघत होते, आणि नेमक्या त्या वेळी मी म्हटलं, "कागद नको, अंगठा नको. देवासमोर भंडारा उचला आणि वर्षभर रोज एक मूठ देते म्हणा." एकेक पुढं यायला लागली. मला चेव आला. म्हटलं, "जी पोटुशी असेल, तिनं दोन मुठी द्याव्यात. एक स्वतःची, एक बाळाची."

हे आधी ठरलेलं नव्हतं. तोंडातून निघालं आणि टाळ्या पडल्या.

दोन मुठींसाठी सगळ्यात आधी पुढे आली ती मंजुळाबाई. आमच्या मागच्या आळीत राहणारी, माहेर कुरुळीचं, सासरही तिथलंच. नवरा हिंदुराव पिंपरीला नव्या कारखान्याच्या बांधकामावर मुकादम, म्हणून इकडे खोली घेतलेली. तिला तिसरा महिना होता. आधीची दोन मुलं वर्षाच्या आत गेलेली, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. तिनं भंडारा उचलला, कपाळाला लावला आणि अगदी हळू म्हणाली, "दोन मुठी. वरीसभर. चुकले तर ज्ये व्हायचं त्ये..." पुढचं तिनं गिळलं आणि पोटावर हात ठेवला.

वजीरभाईंची बायको ताजुन्निसा पायरीखाली उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं तर म्हणाली, "आमची जबान पुरे, बाई. आमच्या घरची मूठ लिवून घ्या." ती तिनं आजतागायत चुकवलेली नाही.

एका दिवसात एकशेबावीस नवी घरं झाली. घरी येऊन मी ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "आणि देवानं किती टक्के घेतले?" मी दोन दिवस बोलले नाही.

शब्द मिळाले तशी माझी दुसरी काळजी सुरू झाली. धान्य इतक्या हातांतून जाणार. म्हणून मी नियम केला. प्रत्येक आळीची एक बाई गोळा करील, आणि गोळा करणारीनं स्वतःच्या घरचा डबा वेगळा आणून माझ्या ओसरीवर सर्वांसमोर ओतायचा. मागच्या आळीचं काम मंजुळाबाईनं आपण होऊन मागून घेतलं. मला ते आवडलं. नंतर वाटलं, मागून का घेतलं असेल?

फाल्गुनात मला पहिल्यांदा दिसलं. तिच्या डब्यातलं धान्य एकजात नव्हतं. ज्वारीत बाजरी, बाजरीत तांदळाची कणी, मधेच गव्हाचा दाणा. आता एका घरात इतकं मिसळलेलं धान्य असतं का? आपण ज्वारी आणतो तेव्हा आठ दिवस ज्वारीच असते. असली भेसळ एकाच ठिकाणी सापडते, घरोघरच्या मुठी जिथं एकत्र होतात तिथं. म्हणजे गोळा केलेल्या पोत्यात.

मी बोलले नाही. बघायला लागले. मागच्या आळीचं पोतं आधीपेक्षा हलकं येत होतं. सुगी संपत आली की मुठी आखडतात, हेही कारण असू शकतं. पण दुसऱ्या आळ्यांची पोती इतकी हलकी नव्हती. मंजुळाबाई दुपारची दोन-तीन तास घरी नसायची. कुठं गेली होतीस विचारलं तर म्हणायची, "हितंच." सहावा महिना लागला तरी गाल बसलेले. आणि हिंदुराव. ते रोज सकाळी डबा घेऊन पिंपरीकडं जायचे, पण तो डबा हातात कसा झुलायचा. भाकरीचा डबा असा झुलत नाही. हे सगळं मी पाहिलं आणि सगळ्याचा एकच अर्थ लावला: या घरात काहीतरी लपवाछपवी चालली आहे, आणि ती माझ्या फंडाशी चालली आहे.

शालनबाईंनी त्यात भर घातली. एकदा कानाशी येऊन म्हणाल्या, "बी.ए. वहिनी, तुमचं पोतं दुकानापतूर जाऊस्तवर किती ठिकानी बसतं, बगा जरा."

माझ्या सासूबाई राजापूरहून लाल उकडे तांदूळ पाठवतात. दापोडीत ते दुसऱ्या कुणाकडे नाहीत. दुर्गाबाईंना एकदा दिले होते तर त्यांनी कोंबड्यांना घातले. त्या शनिवारी मी माझ्या घरच्या मुठींत ते मुद्दाम मिसळले, आणि आमची मूठ या खेपेला मागच्या आळीच्या पोत्यात टाका, असं सांगितलं. मंजुळाबाईनंच ते पोतं वजीरभाईंकडे पोचवलं.

पुढच्या शनिवारी तिच्या स्वतःच्या डब्यातून ज्वारी-बाजरीच्या बरोबर लाल तांदळाचे सात दाणे ओसरीवर पडले.

मी ते उचलून रुमालाच्या टोकात बांधले. मला आनंद झाला होता, हे लिहायला जड जातं, पण झाला होता. तरी मी घाई केली नाही. पुन्हा तसंच केलं. पुन्हा दाणे आले, या वेळी अकरा.

ती दुपार मला अजून लख्ख आठवते. ओसरीवर सात-आठ बायका होत्या. बेबी दुर्गाबाईंच्या मांडीवर. मंजुळाबाईनं डबा पालथा केला आणि पदरानं घाम पुसत म्हणाली, "चौदा मुठी झाल्या, वहिनी. सात दिसांच्या."

मी रुमाल सोडला आणि सगळे दाणे सतरंजीवर ठेवले. "मंजुळाबाई, हे तांदूळ तुझ्याकडे कुठून आले?"

तिनं पाहिलं. "मिसळलं आसंल," ती म्हणाली.

"कुठं मिसळलं? हे माझ्या घरचे आहेत. मी पोत्यात टाकले. पोत्यातून तुझ्या डब्यात कसे गेले?"

"अगं बाई," शालनबाई म्हणाल्या, "भंडारा बी उचलायचा आन् पोतं बी उचलायचं."

कुणीतरी हसलं. रुक्मिणीबाई तिला म्हणाल्या, "गप गं." पण त्याही मंजुळाबाईकडेच बघत होत्या. त्यांच्या सुनेच्या नावानं हे सगळं चाललं होतं.

"सांग ना," मी म्हटलं. "काही असेल तर सांग. आम्ही काय खाणार आहोत का तुला?"

"माज्या दोन मुठी हायेत," ती म्हणाली. "मोजून घ्या. येका दिसाची चुकली न्हाई. कुटनं आनल्या त्ये इचारू नगा."

"ते विचारण्यासाठीच मी इथं बसले आहे."

ती एवढ्या सगळ्यांकडे एकदा बघून उठली. उठताना तिला हात टेकावा लागला, आणि कुणीच आधार दिला नाही. मीही नाही. आळीच्या पोत्याची घडी करून तिनं माझ्या पायांशी ठेवली. डबा तिथंच राहिला. ती गेल्यावर दुर्गाबाईंनी बेबीला माझ्याकडे दिलं आणि आपल्या खोलीत गेल्या.

त्या रात्री मी ह्यांना सगळं सांगितलं. हे नकाशाची गुंडाळी बांधत होते. म्हणाले, "पुरावा चांगला आहे. पण ती काय म्हणाली?" मी म्हटलं, "काही नाही." हे म्हणाले, "चोर सहसा काहीतरी म्हणतो."

सोमवारी सकाळी ताजुन्निसा आली. ती कधी आमच्याकडे येत नाही. दुकान सोडून तिला वेळ नसतो. ओसरीवर बसली नाही, उभ्या उभ्याच बोलली.

"बी.ए. बाई, तुम्ही फंडाचं धान्य आम्हाला इकता. पाच आळ्यांचं मिसळलेलं. ते तसं कोन घेनार? ते चाळून, निवडून येगळं करावं लागतं. ते निवडायचं काम कोन करतं, कधी इचारलं?"

मी विचारलं नव्हतं. धान्य विकलं की आपलं काम संपलं, असं मी धरलं होतं.

"मंजुळा करती. माघापासनं. दुपारची येती, मागच्या दारानं. मजुरी पैशात घेत नाही. चाळनीच्या खाली जे उरतं ना, त्यातलं दान्यावानी जे असंल ते नेती. तिच्या मालकाचं काम पौषातच सुटलं, बाई. बांधकाम सरलं, मुकादम घरी. तो रोज डबा घेऊन जातो ते पिंपरीला काम हुडकायला जातो. डब्यात काय असतं अल्ला जाने."

"पण तिनं सांगायचं ना," मी म्हटलं.

"पाटलाच्या घरची पोर ती. मुसलमानाच्या दुकानात दाने निवडती, हे कळलं तर मालक घरात घेईल? मला कसम घातली होती. आता तुम्ही तिला चोर केली, तवा मी कसम मोडली." ती निघाली, आणि दाराशी वळून म्हणाली, "तुमचे लाल तांदूळ आमच्या पन चाळनीत आले. आमाला वाटलं, खडेच हायेत."

म्हणजे असं होतं. घरोघरच्या मुठी पोत्यात गेल्या, पोतं दुकानात गेलं, दुकानातलं खालचं चाळण मजुरी म्हणून तिला मिळालं, आणि तेच निवडून, धुऊन, वाळवून ती पुन्हा माझ्या ओसरीवर दोन मुठी म्हणून आणत होती. घरात जे थोडं येत होतं ते नवऱ्याला, उरलं तर तिला. फंडाच्या मुठी मात्र आधी बाजूला. अडलेल्या बाईचा जीव वाचावा म्हणून काढलेल्या फंडात ती सहा महिन्यांची गरोदर असून स्वतःच्या तोंडातला घास टाकत होती, कारण मी पायरीवर उभी राहून तिच्या पोटातल्या मुलाची मूठ मागितली होती. पोतं हलकं का येत होतं? त्या आळीतली बांधकामावरची आणखी चार घरं काम सुटून बसली होती. तेही मी विचारलं नव्हतं.

मी बेबीला काखेत मारून मागच्या आळीत धावत गेले. खोलीला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, रविवारीच दोघं कुरुळीला गेली. "तुमचं नाव घेऊन रडत न्हवती," ती म्हणाली, "पन जेवली बी न्हाई."

आठ दिवसांनी मी एस.टी.नं कुरुळीला गेले. घर सापडलं. दारात हिंदुराव उभे राहिले. मी क्षमा मागितली, सगळ्या बायकांसमोरही मागेन म्हटलं. ते शांत होते. म्हणाले, "बाई, तुमी ओसरीवर बोलला त्ये तुमच्या आदी हितं पोचलं. तुमचं पोर उन्हाचं आलंया, त्याला पानी पाजा आन् चारच्या गाडीनं जावा." तांब्या बाहेर आला. आत कुणीतरी खोकलं. मला आत बोलावलं नाही.

त्या शनिवारी नाशिककडून येणाऱ्या एस.टी.चे कंडक्टर उद्धवराव आमच्या थांब्यावर एक गाठोडं ठेवून गेले. फडक्यात बांधलेली ज्वारी. निरोप एवढाच: "मंजुळाबाईच्या चौदा मुठी."

मी त्या मोजल्या. माझ्या मुठीनं अकराच भरल्या. पहिला विचार माझ्या मनात काय आला असेल? कमी आहेत, हा. मग कंडक्टरनं काढल्या असतील, हा. दुर्गाबाई शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तिचा हात केवढा झालाय त्ये तरी बगा."

मी पत्र लिहिलं, आता पाठवू नकोस, फंडाच्या कमिटीनं तुझं नाव कमी केलं आहे. ते कुणी वाचून दाखवलं की नाही, देव जाणे. पुढच्या शनिवारी गाठोडं आलं. त्याच्या पुढच्याही. यशवंतरावांकडून मी ठराव करून घेतला, तोही पाठवला. गाठोडं आलंच. शेवटी दत्तोबांकडे गेले. ते म्हणाले, "कमिटीचा काय संबंध? भंडारा कमिटीनं उचलाया लावला का? तुमी लावला. तुमच्या तोंडचा निरोप तिला तोंडावर मिळाया पायजे, की शब्द पुरा झाला, देवाकडं काय उरलं न्हाई. कागदानं सुटत न्हाई ह्ये."

त्यांनी ताटातला चिमूटभर भंडारा पुडीत बांधून दिला. मी दुसऱ्याच दिवशी निघणार होते. सकाळी बेबीच्या कानामागं पुरळ दिसलं. गोवर. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, तीन आठवडे या घरातलं कुणी गरोदर बाईच्या आसपास फिरकायचं नाही, आणि मीही बेबीला सोडून कुठं जाणार होते?

हे एका रविवारी जाऊन आले. पारापाशीच थांबले, कपडे बदलून गेले होते तरी. परत आल्यावर म्हणाले, "ठीक आहे म्हणाले."

"कोण म्हणालं?"

"पारावरचे."

"तुम्ही तिला पाहिलंत?"

"परक्याच्या घरात शिरून बाई कशी बघू?"

खरंच आहे. ताजुन्निसा गेली असती, पण ती लेकीच्या बाळंतपणाला शिरूरला गेली आहे. रुक्मिणीबाईंना म्हटलं तर त्या म्हणाल्या, मला तिचं तोंड बघवायचं नाही, लाजेनं. शालनबाईंना मी विचारलंच नाही.

आता ज्येष्ठ लागला, पण माझे तीन आठवडे अजून सरले नाहीत. मंजुळाबाईचे दिवस भरत आले असणार, किंवा भरले असतील. आमचं प्रसूतिगृह वैशाखात उघडलं. डॉक्टरीणबाई बोलल्याप्रमाणे येतात. दोन खाटांपैकी एक कालपासून रिकामी आहे.

आणि गेले दोन शनिवार कुरुळीहून गाठोडं आलेलं नाही.

मी उद्धवरावांना विचारलं. थांब्यावर कुणी आलंच नाही, म्हणाले. ते खोटं बोलत असतील, असाही संशय घेऊन झाला. धान्य संपलं असेल. कुणीतरी तिला समजावून थांबवलं असेल. तसं असेल तर बरंच. बाळंत झाली असेल आणि दोघं सुखरूप असतील. ती उठू शकत नसेल. यातलं काय खरं, ते इथं खिडकीत बसून मला कळायचं नाही, आणि माझ्या तर्कावर आता माझाच विश्वास नाही.

म्हणून हे वाचणाऱ्या बायकांना मी विनवते. तुमच्यापैकी कुणी चाकणच्या बाजारला, भोसरीला, मोशीला, त्या रस्त्यानं कुठंही जाणारी असेल, तर कुरुळीला उतरा. एस.टी. थांब्यापासून डाव्या हाताची वाट धरा. विहिरीच्या पुढं चौथं घर, दाराशी दगडी उखळ आहे. घरी गोवर, कांजिण्या काही नसेल तरच जा. माझं नाव सुरुवातीला सांगू नका. पाणी मागा, मग टेकायला जागा मागा, म्हणजे आत जाता येईल. तिच्याजवळ बसा. तिला सांगा, दापोडीच्या बाईनं म्हटलंय, शब्द पुरा झाला, आता एक दाणाही देणं नाही, दत्तोबांनाही विचारलंय. भंडाऱ्याची पुडी लागली तर दत्तोबांकडून न्या, देऊळ कुणीही दाखवील. दिवस भरले नसतील तर तिला म्हणावं, खाट आहे, टांग्याचं भाडं मी देईन, फाटक उघडं असताना निघायचं.

दारात कुणी तुम्हाला "बरं हाय" म्हणेल. तेवढ्यावर परत फिरू नका. तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि काय पाहिलंत ते मला कळवा.